आखणीबहाद्दर

संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाला जातो न जातो, तोच ज्याच्या घरात मे महिना सुरू होतो, तो आखणीबहाद्दर. हा गृहस्थ ठाण्यात असतो, कोथरुडात असतो, नाशकात गंगापूर रोडला तर हमखास असतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पदरी दोन मुलं. थोरली दुसरीत, धाकटा बालवाडीत. ऑफिसात हाताखाली दहा-बारा माणसं, घरात हाताखाली कोणीच नाही; त्यामुळे त्याचं सगळं व्यवस्थापनकौशल्य उन्हाळ्याच्या सुट्टीवर येऊन कोसळतं.

‘‘या वर्षी रिसॉर्टमध्ये लोळणं बंद. मुलांनी मातीत खेळलं पाहिजे, डोंगर चढला पाहिजे,’’ असं तो जानेवारीतल्या एका रविवारी जाहीर करतो. मुलं टीव्हीवरून नजर हलवत नाहीत. बायको वर न बघता म्हणते, ‘‘माती गॅलरीतल्या कुंडीत आहे. तिला पाणी घाल आधी.’’

त्याच रात्री एक्सेलची शीट उघडते. तिला ‘मे फायनल’ असं नाव मिळतं. होळीपर्यंत तिची ‘मे फायनल ७’ झालेली असते.

पहिल्या शीटमध्ये कळसूबाई असते. असायलाच हवी. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, अवघड जागी लोखंडी शिड्या, पायथ्याला बारी गाव. ‘मुक्काम बारी, पहाटे ४ वाजता प्रस्थान, सूर्योदय माथ्यावर’ अशी नोंद हिरव्या रंगात. बायको ती वाचते आणि एकच माहिती पुरवते: धाकटा लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर ‘कडेवर घे’ म्हणतो. कळसूबाई लाल रंगात जाते. तिच्या जागी राजगड येतो, तो दोन दिवस टिकतो. मग सिंहगड येतो आणि गडावरच्या पिठलं-भाकरीच्या आणि मडक्यातल्या दह्याच्या जोरावर आठवडाभर तग धरतो. मग कोणीतरी सांगतं की मेच्या रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांच्या रांगेतच सूर्य डोक्यावर येतो. अशी ही उंची शीटगणिक खाली उतरत मार्चअखेर समुद्रसपाटीला येते.

वाटेत भंडारदऱ्याचे काजवे येऊन जातात. मेच्या शेवटापासून पाऊस स्थिरावेपर्यंत तिथली झाडंच्या झाडं लुकलुकतात, हे खरं आणि ते बघण्यासारखं आहे, हेही खरं. पण काजवे काळोख पडल्यावर येतात आणि धाकटा त्याआधी झोपतो. काजवे बघायला नेलेली निम्मी मुलं मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेली असतात आणि बाप मोबाइलवर काळ्या पडद्याचे फोटो काढत असतो. वेळासच्या कासवांचंही तसंच. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे धावतात ती साधारण मार्च-एप्रिलात, म्हणजे थोरलीच्या परीक्षेच्या तोंडावर. कासवांनी शाळेचं वेळापत्रक पाहिलेलं नसतं. बरं, शाळेचं तरी कुठे ठरलेलं असतं? २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा थेट २५ एप्रिलपर्यंत चालल्या, तेव्हा राज्यभरातल्या किती शीट कोसळल्या असतील, याची गणती कुणी ठेवलेली नाही. त्यात चुलतभावंडं सीबीएसईची असली तर विचारूच नका. त्यांचं पुढचं वर्ष एप्रिलमध्ये सुरूही झालेलं असतं, तेव्हा यांचा १ मेचा निकाल लागायचा असतो.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. सर्वसामान्य माणसाला यात सोय दिसली, आखणीबहाद्दराला आपले दोन महिने कोणीतरी पळवल्यासारखं वाटलं. सकाळी आठच्या ठोक्याला दोन लॅपटॉप, तीन मोबाइल लावून तो कोकणच्या गाडीची तिकिटं काढायला बसतो. आठ वाजून चार मिनिटांनी प्रतीक्षा यादी आकड्यात सांगण्यासारखी राहिलेली नसते. वर धाकट्याच्या तिकिटाचा पेच. पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, पण त्याला जागाही नाही. पाच ते बाराच्या अर्ध्या तिकिटावर बर्थ मिळत नाही; बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं. थोरली पाचाच्या पुढची आणि धाकटा पाचाच्या आतला असणाऱ्या बापाने त्यावर एक वेगळी शीट केलेली असते.

या सगळ्याला हसणं सोपं आहे. पण हा माणूस जन्माला का आला, तेही बघायला हवं. त्याच्या बापाने कधी सुट्टीची आखणी केली नाही. परीक्षा संपली की पोरांना एसटीत बसवायचं, ओळखीच्या कंडक्टरला ‘जरा लक्ष ठेवा’ सांगायचं, की आखणी संपली. पुढे मामा होता, मामाची विहीर होती. मामा भाच्याच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचा. यालाच तेव्हा पोहण्याचं शिबिर म्हणत. सुरक्षेचा आढावा घेण्याची पद्धत म्हणजे संध्याकाळी पोरं मोजणे. ते दिवस फार गोड होते, असं म्हणणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचे व्रण अजून गेलेले नाहीत. आता मामाच वाकडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि तोही ‘मे फायनल ७’ वर बसलेला असतो. जे पूर्वी आपोआप घडत होतं, ते आता कुणीतरी बसून घडवावं लागतं. आखणीबहाद्दर ते घडवायला बसतो. फक्त मग उठत नाही.

खरं तर एवढ्या लहान मुलांना मोकळं सोडायला माथेरानसारखी जागा नाही. दस्तुरीच्या नाक्यावर गाडी ठेवावी लागते, पुढे ना मोटार ना स्कूटर. लाल मातीच्या रस्त्यावर पोराचा हात सोडून चालता येतं, ही शहरातल्या आईबापाला न परवडणारी चैन तिथे फुकट मिळते. (फुकट म्हणजे घोडेवाल्याच्या आणि माकडांच्या तावडीतून सुटलात तर.) १९०७ पासूनची छोटी गाडीही आहे, तिच्या खिडकीतून मुलांना हलवणं पुढे मुश्कील होतं. पण आखणीबहाद्दराला माथेरान चालत नाही. तिथे आखायला काही उरत नाही.

म्हणून यंदा अलिबाग. त्यातही नुसतं अलिबाग नव्हे, कुलाबा किल्ला, आणि तो ओहोटीला चालत. हे त्याला मनापासून आवडलेलं असतं, आणि कल्पना आहेच तशी. भरतीला पाण्याने वेढलेला किल्ला, ओहोटी लागली की ओल्या वाळूतून चालत गाठता येतो. शिवाजी महाराजांनी १६८० च्या सुमारास बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर. कान्होजी १७२९ मध्ये वारले, हे तो दाढी करताना पाठ करतो. किल्ल्यात चार ठिकाणी थांबून चार मिनिटं बोलायचं ठरलेलं असतं. भरती-ओहोटीचा तक्ता छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, गळ्यात.

सामान हा वेगळाच विषय. मुलांना स्वतःची जबाबदारी कळावी म्हणून प्रत्येकाला छोटी सॅक. भाऊच्या धक्क्यावर उतरेपर्यंत त्या दोन्ही त्याच्या छातीवर आणि स्वतःची पाठीवर. टोप्या, ओआरएसची पाकिटं, सनस्क्रीन, डासांचं मलम. शिवाय हरवल्यास वाजवायची एकेक शिट्टी. आजींचं सामान एका कापडी पिशवीत मावतं: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबू, मीठ-साखर आणि उन्हाला म्हणून एक कांदा. मांडव्याच्या रो-रो बोटीवर मुलं हरवत नाहीत, तरी शिट्ट्या वाजतात. मोटारींसकट माणसं वाहणाऱ्या त्या बोटीवरचा तासभराचा प्रवास आजूबाजूचे पन्नास लोक त्या शिट्ट्यांच्या तालावर करतात. मांडवा दिसायला लागतं तेव्हा शिट्ट्या आजींच्या कमरेला गेलेल्या असतात.

‘‘अरे, पण तीन तासांनी एकदा तरी वाजवू दे ना, सवय राहावी म्हणून,’’ आखणीबहाद्दर म्हणतो.

‘‘हरवलास तर तू वाजव,’’ आजी म्हणतात.

उतरायची सोय एका घरगुती खानावळीत. मालक काका संध्याकाळी अंगणात पाणी मारत असतात. आखणीबहाद्दर पाकिटातला तक्ता त्यांना दाखवतो. काका चष्मा नसल्याने तो हातभर लांब धरतात, परत देतात आणि विचारतात, ‘‘उद्या तिथी काय?’’

तिथी शीटमध्ये नसते. घरातून कोणीतरी ओरडतं, ‘‘बीज!’’

‘‘मग दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती. त्याच्या सहा तास अलीकडे सुकती, म्हणजे साडेसाताच्या आसपास. सहाला निघा, नवाच्या आत परत या.’’

कोकण किनाऱ्यावरचा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून तो जमतो. आखणीबहाद्दर तक्ता बघतो. तक्त्यात सात वाजून चोवीस मिनिटं असतात. सहा मिनिटांच्या फरकावर तो रात्री बायकोशी बोलू पाहतो, पण ती झोपलेली असते.

सकाळी सहा दहाला मंडळी किनाऱ्यावर. एवढं वेळेवर काहीच नसतं, तेवढं हे असतं. पाणी हटलेलं, किल्ला समोर, वाळू टणक आणि गार. आखणीबहाद्दराचा चेहरा बघण्यासारखा. ‘‘चला, लेफ्ट-राइट,’’ म्हणून तो पुढे होतो. तीसेक पावलं टाकून वळून बघतो, तर मागे कोणी नाही.

धाकटा उकिडवा बसलेला असतो. ओहोटीची वाळू तिथे बारीक बारीक गोळ्यांनी भरलेली असते, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या. मधे एक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा. नखाएवढा एक खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. परत वाळू, परत गोळी. कोणाची सावली पडली की गडप. धाकटा श्वास रोखून धरतो. खेकडा येतो. धाकटा खुदकन हसतो. खेकडा जातो. थोरली बारा भोकांना नावं ठेवायला घेते.

‘‘अरे, चला! पाणी परत येईल!’’

‘‘येऊ दे,’’ धाकटा म्हणतो.

सात वाजतात. आखणीबहाद्दर एकदा किल्ल्याच्या दिशेने जातो, एकदा मुलांकडे येतो. त्याचं स्वतःचं चालणं बऱ्यापैकी होतं. साडेसातला तो कान्होजींचं नाव काढतो. थोरली मान वर करून विचारते, ‘‘बाबा, किल्ल्यात बाथरूम आहे का?’’ पावणेआठला किल्ल्याकडे जाणारी घोडागाडी पाणी उडवत शेजारून जाते आणि दोन्ही मुलं एकदम उठून उभी राहतात. पायी जायचं म्हणून आणलेली मुलं घोडागाडीसाठी हंबरडा फोडतात. नाही म्हटलं तर रड, हो म्हटलं तर तत्त्व जातं. बायको तेवढ्यात पुढे जाऊन घासाघीस करून येते. तत्त्व गाडीत मागे बसतं, दोन सॅक मांडीवर घेऊन.

किल्ल्यात चारपैकी एकाच ठिकाणचं बोलणं होतं, तेही दीड मिनिटाचं. विहीर मात्र मुलांना पटते. समुद्रातल्या विहिरीचं पाणी गोड कसं, हा प्रश्न थोरली सहा वेळा विचारते, आणि नेमका त्याच प्रश्नाचा मुद्दा आखणीबहाद्दराच्या टिपणात नसतो.

दुपारी जेवणं होतात. वरण-भात, आंबोळ्या, ज्यांना चालतात त्यांना तळलेले बांगडे, वर सोलकढी. ‘दुपारी १२.३० ते २ विश्रांती (सक्तीची)’ या सदरात मुलं सोडून सगळे झोपतात. चारच्या सुमाराला अंगणात गलका ऐकून आखणीबहाद्दर बाहेर येतो, तर आपल्या दोघांबरोबर आणखी तीन मुलं. नळाला लावलेला पाइप चालू, अंगणात चिखल आणि चिखलात डबा ऐसपैस. पोफळीच्या बुंध्याला पाठ लावून एक गृहस्थ हे बघत उभे. गळ्यात प्लास्टिकचं पाकीट, पाकिटात भरती-ओहोटीचा तक्ता.

‘‘कुठून आपण?’’

‘‘ठाणे. वसंत विहार.’’

‘‘अहो, आम्हीपण! कुठली बिल्डिंग?’’

बिल्डिंग शेजारचीच निघते. मुलं शाळेच्या एकाच बसने जातात. ती गेलं वर्षभर खालच्या पार्किंगमध्ये हाच खेळ खेळत आलेली असतात, फक्त तिथे वॉचमन पाइप लावू देत नाही. दोघांच्या बायका पायरीवर बसून काकांकडे चहा सांगतात. आजी कांदा परत पिशवीत ठेवतात.

दोघे बाप मात्र पोफळीखालून हलत नाहीत. ‘‘तुमची भरती किती वाजता येते?’’ शेजारी विचारतो.

‘‘एक बत्तीस.’’

‘‘माझ्याकडे एक सदतीस.’’

‘‘असं कसं? जरा शीट पाठवा बघू तुमची.’’