भावी सदस्यांची खतावणी

कर्नाटकातील काळी नदीवरील सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गाव गेले आणि तालुक्याची कचेरी दफ्तरासह जोयड्यास आली, त्या धामधुमीत आमच्या शेठजींच्या वडिलांनी दुकान रामनगरास हलवले. घर गेले, अंगण गेले, परंतु उधारीची खतावणी मात्र कोरडी राहिली, आणि हीच पुढे शेठजींच्या राजकारणाची मूळ ठेव ठरली. शेठजींचे नाव सांगत नाही. जगलबेट, कुंभारवाडा, कोठेही चौकशी करावी. प्रत्येकास आपलाच शेजारी आठवेल.

लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या वहीत मीठ, मिरची, चहापूड यांच्या नोंदींसमोर अलीकडे पेन्सिलीने बारीक फुल्या उमटू लागल्या. ज्या घरात मते चार, तेथे फुल्या चार. आणि फुल्या जितक्या अधिक, तितका वसुलीचा तगादा सौम्य. कंदमेळ्यात कोने नावाचे कंद हाती घेऊन छायाचित्र काढवणे, कुणबी समाजास अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा म्हणून प्रत्येक सभेत कंठशोष करणे, व्याघ्र प्रकल्पाच्या जाचाविरुद्ध तहसीलदारांस निवेदन देणे, ही कर्तव्ये त्यांनी यथासांग पार पाडली. फलकावर ‘भावी सदस्य’ ही अक्षरे झळकली.

घोटाळा एवढाच, की सदस्य व्हावे कशाचे? हल्याळ विधानसभा मतदारसंघ, ज्यात आमचा जोयडा मोडतो, तो 1983 पासून 2008 चा एक अपवाद वगळता आर. व्ही. देशपांडे यांच्याकडेच आहे, तेव्हा तिकडे दृष्टी टाकणेही व्यवहारास सोडून. राहिल्या जिल्हा व तालुका पंचायती. तर त्यांची मुदत 2021 साली संपली, फेररचना आणि आरक्षण यांच्या घोळात निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, आणि खुर्च्यांवर प्रशासक विराजमान झाले. ‘भावी’ हाच जणू शेठजींचा कायम हुद्दा झाला. फलकाचा रंग दोन पावसाळ्यांत विटतो, म्हणून तो नवा करावा लागतो. त्याचा खर्च कोणत्या खात्यावर घालावा, हा प्रश्न त्यांच्या मुनिमास अद्याप सुटलेला नाही.

या विलंबाने लोकशाहीची हानी झाली असे विद्वान म्हणतात. ऋणकोंचे मत निराळे आहे. शेठजींनी चाचरत बाकीचा विषय काढलाच, तर ते अदबीने म्हणतात, “शेठ, आधी निवडणूक तरी जाहीर होऊ दे, मग काय तो हिशेब करू,” आणि दोन किलो साखर खात्यावर लिहवून निघून जातात.