इंटरमिजिएट, बी ग्रेड

पुण्यात चित्रप्रदर्शनाला दोन प्रकारची माणसं येतात. चित्रकाराने स्वतः फोन करून बोलावलेली, आणि नाटक सुरू व्हायला अजून अर्धा तास असलेली. २६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. त्याच्या आवारात कलादालनही असावं असं ज्याला सुचलं, त्याला पुणेकर पुरता कळला होता. नुसत्या चित्रांसाठी पुणेकर जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधत फिरणार नाही. पण गाडी लावून झालीय, बटाटेवडा खाऊन झालाय, पहिली घंटा व्हायचीय आणि शेजारी प्रवेश फुकट आहे म्हटल्यावर तो आत डोकावतोच.

आमच्या सोसायटीतले नाना यांपैकी कशातच बसत नाहीत. नाना परीक्षक म्हणून येतात.

त्यांना हा अधिकार सरकारने दिला आहे. महाराष्ट्रातल्या शाळांमधून चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन सरकारी परीक्षा होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे रीतसर पेपर असतात. स्टुलावर तांब्या, दोन वांगी आणि मागे चुण्या पडलेला पंचा असा देखावा मांडून द्यायचे आणि ज्याचा तांब्या कागदावर कलंडला नाही तो पास. या परीक्षांनी राज्याला चित्रकार दिले ते दिलेच, पण परीक्षक घरटी एक दिला. नानांना इंटरमिजिएटला बी ग्रेड होती. त्या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेली तरी भिंतीवर चित्र दिसलं की नानांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो.

दालनात शिरल्यावर नाना आधी चित्रं बघत नाहीत, टेबलावरची किमतींची यादी बघतात. मग हात मागे बांधून एकेका चित्राची लांबी-रुंदी नजरेने मोजतात आणि माझ्या कानाशी पुटपुटतात, "चौरस फुटाला काय पडलं बघा. कोथरूडात एवढा दर नाही हो!" तेवढ्यात एखाद्या चित्राखाली विकलं गेल्याची लाल टिकली लागली, की मघाशी नापास केलेल्या त्या चित्रापुढे नाना पुन्हा येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "यात काहीतरी आहे, हे मी तेव्हाच म्हटलं होतं."

नानांचा जीव जलरंगात रमतो. त्यात पुण्याचा हात धरणारं कोण आहे? 'अमर चित्र कथा'तल्या प्रताप मुळीकांच्या चित्रांवर एक अख्खी पिढी वाढली, आणि त्यांचे चिरंजीव मिलिंद मुळीक यांची जलरंगांतली निसर्गचित्रं आणि गल्लीबोळ पाहून पुढच्या पिढीने ब्रश हातात घेतले. त्यामुळे पुण्यातल्या कुठल्याही प्रदर्शनात पेठेतला एखादा तरी वाडा निघतोच. सागवानी खांब, तुळशीवृंदावन, दिंडीदरवाजातून आत आलेलं तिरपं ऊन. अशा चित्रापुढे पुणेकर रसिक राहत नाही, साक्षीदार होतो. "जिना एवढा रुंद नव्हता." "नळ डावीकडे होता." "आणि ही सायकल कुणाची?"

एकदा एक गृहस्थ अशा चित्रापुढे डोळे पुसताना दिसले. तो वाडा त्यांचाच होता. बिल्डरच्या करारावर पहिली सही त्यांनीच केली होती आणि आता त्याच जागेवरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात त्यांना हे चित्र लावायचं होतं. डोळे पुसून झाल्यावर ते शांतपणे चित्रकाराला म्हणाले, "निम्म्यात द्या." वाडा देताना ज्याने भाव चढवून घेतला, तोच वाड्याच्या चित्राचा भाव पाडून मागत होता. नानांनी त्यांच्याकडे अतिशय आदराने पाहिलं.

नानांचा परीक्षक फक्त व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांच्यापुढे हरतो. त्यांच्या 'हसरी गॅलरी' प्रदर्शनात एका चित्राखाली शब्द सापडेल तर शपथ! १९५२ सालचं 'मोहिनी' मासिकाचं त्यांचं ते मुखपृष्ठ आठवा. तरुणाच्या शर्टावर मांजरं आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर. नानांनी नेहमीप्रमाणे चष्मा सारखा केला, तोंड उघडलं आणि मत बाहेर पडायच्या आधी हसूच बाहेर पडलं. मत द्यायला सवडच मिळाली नाही, याचा राग त्यांच्या मनात अजून आहे. नुसतं बघून काही घडू शकतं, हे त्यांना पटत नाही.

म्हणून त्यांची खरी लढाई आहे ती अमूर्त चित्रांशी. घोले रस्त्यावरच्या कलादालनाला नाव राजा रविवर्म्याचं, ज्याच्या चित्रात साडीच्या निऱ्या मोजून घ्याव्यात. मग भिंतीवर नुसता निळा रंग का, हा त्यांचा सवाल असतो. पूर्वी ते "असलं तर आमचा नातूही काढेल" म्हणायचे. पण वासुदेव गायतोंड्यांचं एक अमूर्त चित्र २०२१ साली लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेल्याची बातमी वाचली, आणि आता म्हणतात, "नातवाला उगाच इंजिनिअरिंगला घातला."

परवाच्या प्रदर्शनात त्यांनी एका तरुण चित्रकाराला निळ्या चित्रापुढे गाठलं.

"यात काय काढलंय?"

"काका, तुम्हाला काय दिसतं?"

परीक्षकालाच प्रश्न! नानांचा चेहरा पडला. उत्तर शोधत ते तिथेच उभे राहिले. मी तेवढ्यात सगळं दालन बघून, चहा पिऊन आलो तरी नाना जागचे हलले नव्हते. शेवटी ते अभिप्रायाच्या वहीकडे गेले आणि लाल पेनाने बराच वेळ लिहीत राहिले. मी डोकावून वाचलं: 'चित्रे ठीक. चौकटी किंचित तिरक्या. निळ्या चित्रावरील दिवा थेट डोळ्यांवर येतो, त्यामुळे तेथे फार वेळ थांबावे लागले.'

चित्रकाराने ते वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "काका, खरंच इतका वेळ बघत होतात?"

"दिव्यामुळे," नाना म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावून किमतीची यादी परत मागू लागले.