सपीति, अर्थात बसणे

अमरकोशात ‘सपीति’ असा एक शब्द आहे: मिळून पिणे. शेजारीच ‘सग्धि’, म्हणजे मिळून जेवणे. सहभोजनाला पुढे निदान पंगत तरी लाभली; सहपानाला मराठी माणसाने नुसते ‘बसणे’ म्हणून टाकले. ‘शनिवारी बसायचं का?’ या प्रश्नात ना ग्लास, ना बाटली. उभ्याने पिणाऱ्याची तर भाषेने दखलच घेतलेली नाही.

सरकारचे सोवळे याहून कडक. दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा आणि तो आजही लागू. महाराष्ट्रात रीतसर प्यायला परवाना लागतो; तोही आरोग्य राखण्यासाठी, आणि ज्याच्या त्याच्या नावावर. मैत्री, बढती, मॅच जिंकणे ही कारणे त्या कागदाला ठाऊक नाहीत. म्हणजे टेबलाभोवती मित्र नव्हे, कायद्याच्या हिशेबाने चार रुग्ण बसलेले असतात. तिसऱ्या पेगनंतर प्रत्येक रुग्ण उरलेल्या तिघांचा डॉक्टर होतो, चौथ्यानंतर अर्थमंत्री. बिल आले की मात्र सगळ्यांना एकदम गुण येतो आणि घरची आठवण होते.