एका विषयाचा आप्पा

सुरतेत कापडाचा दलाल असतो, हिऱ्याचा असतो, जागेचा असतो. नापास झालेल्यांचाही एक असतो. त्याला दलाली मिळत नाही, अर्धा चहा मिळतो. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा, नवागाम, जिथं जिथं खानदेशातून आलेली माणसं वसली आहेत, तिथं दर चार-पाच सोसायट्यांमागे असा एकजण आढळतो. नावं वेगवेगळी असतील, माणूस एकच. आपण त्याला आप्पा म्हणू, कारण बहुतेक ठिकाणी तो आप्पाच निघतो.

आप्पाचं शिक्षण बी.कॉम.ला एक विषय कमी इतकं आहे. लग्नपत्रिकेत नावापुढे कंसात ‘बी.कॉम. अपिअर्ड’ छापलं होतं. सासऱ्यांना वाटलं ही बी.कॉम.च्या पुढची काहीतरी डिग्री असावी. आप्पानं त्यांचा गैरसमज आजतागायत दूर केलेला नाही. वहिनींना खरं कळलं ते पहिल्या दिवाळीत, माळ्यावरची हॉल तिकिटांची पिशवी झाडताना. त्यांनी ती रद्दीत घातली नाही. “तुमचाच फोटो आहे सगळ्यांवर, वयाप्रमाणे लावून ठेवते,” म्हणाल्या, आणि खरोखरच लावून ठेवली.

राहिलेला विषय टॅक्सेशन. त्याचा इतिहास आप्पाकडून ऐकावा. गुजरातेत 1 एप्रिल 2006 पासून व्हॅट लागू झाला. आप्पा तिसऱ्या वर्षाला पोचला तेव्हा हा कर तसा कोवळाच होता. आप्पा त्यात नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा तेच. असं चाललेलं असताना 1 जुलै 2017 उजाडला, देशभर जीएसटी आला आणि व्हॅट गेला. “मी नाही सुटलो त्याच्या तावडीतून,” आप्पा म्हणतो, “तोच सुटला माझ्या तावडीतून.” पेट्रोल-डिझेलवर व्हॅट अजून आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. पण त्यामुळे गोष्टीचा शेवट बिघडतो म्हणून तो ते सांगत नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्याच जुलैत रिंग रोडवरची कापड मार्केटं जीएसटीविरुद्ध बंद पडली होती, व्यापारी रस्त्यावर उतरले होते. बंद उठला, शटर वर गेली, आणि लहान दुकानदारांच्या लक्षात आलं की आता हे रिटर्न की काय ते कोणीतरी भरायला हवं. आप्पा तेव्हा एका पेढीवर नामुं, म्हणजे हिशेब, लिहीत होता. बंदच्या दिवसांत बसल्या बसल्या त्यानं सगळा कायदा वाचून काढला होता. आज पंधरा-वीस दुकानांची रिटर्नं दर महिन्याच्या 20 तारखेच्या आत त्याच्या हातून जातात. त्यात नोटीस आलेली कोणी ऐकली नाही. मार्केटला आप्पाचा टॅक्स चालतो, फक्त पेपर तपासणाऱ्याला चालत नाही.

असं का, याचा छडा त्यानं स्वतःच लावला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2011 मध्ये निकाल दिला की माहितीच्या अधिकारात परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. उधन्यात ही बातमी सर्वांत आधी आप्पाला समजली असावी. त्यानं अर्ज केला, पानामागे दोन रुपये भरले आणि स्वतःची उत्तरपत्रिका घरी आणली. अन्याय उघड होणार म्हणून चार मित्रांना बोलावून ठेवलं होतं. वाचता वाचता आप्पाचा आवाज खाली येत गेला. ‘व्यापाऱ्याची कर्तव्ये लिहा’ या प्रश्नाला त्यानं व्यापारी प्रत्यक्षात काय करतो ते लिहिलं होतं. कच्ची चिठ्ठी, पक्कं बिल, पार्टी उधारी बुडवून रातोरात उठमणुं करते तेव्हा भरलेल्या कराचं काय होतं, सगळं तपशीलवार, उदाहरणांसकट. फक्त दुकानांची नावं वगळली होती. परीक्षकानं समासात काहीच लिहिलं नव्हतं. मार्क मात्र दिले होते, आणि आप्पाच्या मते ते दोनएक जास्तच होते. त्या दिवसापासून त्यानं परीक्षकांविरुद्ध एक शब्द काढलेला नाही.

आता त्याचा धंदा. निकाल लागला की आप्पा संध्याकाळी सातनंतर उधना तीन रस्त्याजवळच्या एका चहाच्या लारीवर येऊन बसतो. बगलेत पारदर्शक प्लॅस्टिकची फाईल, खिशात दोन पेनं, त्यातलं एक मागणाऱ्याला द्यायचं, न चालणारं. पोरं येतात. मराठी तर येतातच, त्यांच्याबरोबर वराछा-कतारगामकडली सौराष्ट्री पोरंही “आप्पाकाका छे?” करत येतात. या बाबतीत आप्पानं भाषावाद कधी केला नाही. महापालिकेच्या शाळा सात भाषांत चालतात, मग नापास होणं एकाच भाषेत का असावं, असा त्याचा सवाल आहे.

पोरगं समोर बसलं की आप्पा मार्कशीट बघत नाही. आधी विचारतो, “घरी कोणाला माहितंय?” त्यावर तो रोगाची तीव्रता ठरवतो. बहिणीला माहीत असेल तर बरं, आईला माहीत असेल तर उत्तम, कोणालाच माहीत नसेल तर लारीवाल्याला सांगून दुसरा अर्धा मागवतो, पोराच्याच पैशानं. मग विचारतो, “इंटर्नल गेलं की एक्स्टर्नल?” कारण दोन्हींचं पासिंग वेगळं असतं, आणि निम्म्या पोरांना आपण नेमके कशात पडलो हेच माहीत नसतं. त्यांना फक्त लाल अक्षर दिसलेलं असतं. एकदा एकजण तासभर रडला. आप्पानं मार्कशीट उलटून पाहिली तर ती रूमपार्टनरची.

मग सुरू होतं ते आप्पाचं आवडतं प्रकरण, रिचेकिंग आणि रिअसेसमेंट. या दोन्हींतला फरक समजावताना त्याला वेळेचं भान राहत नाही. रिचेकिंग म्हणजे मार्कांची बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघणं. रिअसेसमेंट म्हणजे दुसऱ्या परीक्षकानं पेपर मुळापासून तपासणं. “पहिल्यात बेरीज तपासतात, दुसऱ्यात अक्कल,” आप्पा सांगतो, “तुझी कुठली तपासून घ्यायची ते तू ठरव.” पोरगा बहुधा बेरीज निवडतो. दोन-चार मार्कांनी गेलेल्याला आप्पा फॉर्म भरायला लावतो. वीस मार्कांनी गेलेल्याला सरळ सांगतो, “फी वाचव, पुस्तक घे.” या सल्ल्यापायी तो पोरांत अप्रिय आहे, पण त्यांच्या बापांत नाही.

नियमांची त्याला हौस आहे. एटीकेटी घेऊन पुढच्या सेमिस्टरला कोण जाऊ शकतो, कोणाला दारातच अडवतात, अभ्यासक्रम बदलला तर जुन्याला किती संधी मिळतात, हे सगळं तोंडपाठ. यूजीसीनं पदवी पुरी करायला नेहमीच्या मुदतीवर दोन वर्षं आणि अगदीच अडचण असेल तर आणखी एक, अशी मार्गदर्शक मर्यादा सांगितली आहे. ती सांगताना आप्पा आवाज खाली आणतो, घरातली वाईट बातमी सांगावी तसा. स्वतःचं वर्ष मात्र कोणी विचारलं की म्हणतो, “आमचं प्रकरण वार्षिक पद्धतीतलं आहे, त्याला वेगळे नियम.” वेगळे म्हणजे काय, ते फाईलमध्ये आहे. फाईल बांधलेली आहे.

ज्याला फॉर्मनं धीर येत नाही त्याच्यासाठी आप्पाकडे इतिहास आहे, आणि तो इतिहास खरा आहे हे मी मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण मी तपासला. सुरुवात विद्यापीठाच्या पाटीपासून. दक्षिण गुजरात विद्यापीठ 1965 चं, 2004 पासून त्याला वीर नर्मदाचं नाव आहे. नर्मद हा सुरतेचा गुजराती कवी. मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला गेला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे मास्तरकी धरली, 1858 मध्ये तीही सोडली आणि लेखणीवर जगायचं ठरवलं. शब्दकोश केला तो एकट्यानं. “म्हणजे ज्याचं कॉलेज अर्धवट राहिलं, त्याच्या नावाच्या विद्यापीठात तू एका विषयात पडला. यात लाजायचं कोणी?” मग आप्पा भुसावळ गाडीत बसतो. तापी मार्गाच्या त्या टोकाला, जळगावला, 2018 पासून विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाई चौधरींचं, आणि त्या बाईनं शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. ओव्या तिनं रचल्या, लिहून घेतल्या दुसऱ्यांनी. “इकडे कॉलेज सोडलेला, तिकडे शाळेत न गेलेली. मधल्या नंदुरबार-अमळनेरला उतरणारे आपण. आपल्यालाच पास व्हायची एवढी घाई कशाला?”

यावर पोरगा हसला तर ठीक, नाहीतर आप्पा कलकत्त्याला जातो. 1858 मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे पहिले दोन बी.ए. झाले, बंकिमचंद्र आणि जदुनाथ बोस. दोघेही एकेका विषयात कमी पडले होते. विद्यापीठानं सातपर्यंत मार्क वाढवून दिले तेव्हा पदवी मिळाली. “या देशात पदवीची सुरुवातच ग्रेसनं झालीय,” हे वाक्य आप्पा दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणतो. लंडनच्या मॅट्रिकला गांधीजी पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये गेले, हेही त्याच्या यादीत आहे. रामानुजनला मात्र तो जपून वापरतो. गणितात नापास झालेल्या एका पोरानं घरी रामानुजनचा दाखला दिला आणि मार खाल्ला. तेव्हापासून आप्पा आधीच बजावतो, “तो गणित सोडून बाकीच्यात गेला होता. तू गणितातच गेलास. तुझा आणि त्याचा संबंध नाही.”

आप्पाचा खरा कस लागतो तो बाप आला की. एकदा मी लारीवर असताना उद्योगनगरात लूमवर काम करणारा एक गृहस्थ आला. बारा तासांची पाळी संपवून थेट. कानात अजून संच्यांचा आवाज असावा, कारण तो मोठ्यानं बोलत होता. मागे पोरगं, मान खाली.

“आप्पा, पोऱ्यानं वरीस वाया गयं!”

“वरीस नई गयं दादा, एक विषय राहिना.”

“म्हणजे नापास नई?”

“नापास शे. पण फक्त तेवढ्यात.”

बापाच्या काळात नापास म्हणजे त्याच बाकावर पुन्हा वर्षभर बसणं. पुढच्या वर्गात बसून मागचा एकच पेपर द्यायचा, ही सोय त्याच्या डोक्यात शिरेना. आप्पानं मार्कशीट उलटी केली, तिच्या पाठीवर पेननं आकडे मांडायला घेतले, पेन चाललं नाही (ते मागणाऱ्याचं होतं), दुसरं काढलं. फॉर्मची तारीख, फी, पेपर साधारण कधी, मधे किती महिने, असं चार ओळींत लिहून कागद बापाच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला. ज्या गोष्टीला तारीख आणि रक्कम असते ती या शहरातल्या माणसाला समजते. तारीख-रक्कम नसलेलं संकट असतं तर तो घाबरला असता, फी आहे म्हटल्यावर त्यानं पाकीट काढलं.

“मंग हा रडस कसाले?” त्यानं विचारलं.

आप्पा म्हणाला, “तुम्हाले सांगाले.”

बाप-लेक गेले. चहाचे पैसे बाप देऊन गेला, आप्पाच्या मागच्या आठवड्याच्या उधारीसकट. आप्पानं त्याला थांबवलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. आप्पा काही संत नव्हे. पहिल्या नंबरानं आलेलं पोरगं पेढे घेऊन आलं तर तो पेढा खातो आणि “इंटर्नलला जास्त दिलेत वाटतं,” म्हणतो. सीए झालेल्या पुतण्याशी त्याचं दोन वर्षं बोलणं नाही. कारण विचारलं तर सांगतो, “तो पहिल्या झटक्यात झाला. त्याच्याशी बोलायचं काय?”

मध्यंतरी जुन्या विद्यार्थ्यांसाठी स्पेशल चान्स निघाला. परिपत्रक आप्पानंच वाचून दाखवलं, सगळ्यांचे फॉर्म त्यानंच भरले. या खेपेला वहिनींनी त्याचाही भरून घेतला, फोटो पिशवीतल्यांपैकी सर्वांत अलीकडचा लावून. आप्पा अभ्यासाला बसलेला लोकांनी पाहिला. टॅक्सेशनचा पेपर नेमका महिन्याच्या 20 तारखेला आला. आदल्या रात्री दोन व्यापाऱ्यांनी बिलं आणून टाकली, पोर्टल अडून बसलं, सकाळी अकराला पेपर आणि रात्री बाराला शेवटची मुदत. आप्पा दिवसभर मार्केटात बसून इतरांचा टॅक्स भरत राहिला. निकालात त्याच्या नावापुढे एबी आलं. गैरहजर. वहिनींनी ते हॉल तिकीटही पिशवीत घातलं, वयाप्रमाणे, शेवटी.

तेव्हा तुमच्या ओळखीत, घरात, शेजारी कोणाचा विषय राहिला असेल तर त्याला आधी आप्पाकडे पाठवा, मग काय ओरडायचं ते ओरडा. रिचेकिंगची मुदत निकालानंतर फार दिवस राहत नाही, म्हणून उशीर करू नका. 20 तारखेच्या आसपास जाऊ नका, तो भेटणार नाही. मार्कशीटची झेरॉक्स न्या, मूळ प्रत नेऊ नका, आप्पा तिच्यावर लिहितो आणि चहा सांडतो. आणि पेन स्वतःचं न्या.