चढले त्याच गेरात

ब्रेक कसे लागावेत ते आमच्या गोसीखुर्दात येऊन बघावं. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी धरणाचं भूमिपूजन केलं, तेव्हा अंदाज होता 372 कोटींचा. पुढे कामाला ब्रेक लागत राहिले आणि खर्चाचे निकामी झाले. दोन्ही प्रकार एकाच गाडीत असू शकतात, हे मला फार उशिरा कळलं.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासची पैदास. गावात तिला 'म्हातारी' म्हणतात. मी स्पोर्ट्स कार म्हणतो, आणि पुराव्यानिशी म्हणतो. विलायतेत ट्रायम्फवाल्यांनी 1962 साली स्पिटफायर काढली, ती या हेराल्डचीच चेसी आखूड करून. म्हणजे सख्खं नातं! फक्त वाटणीत स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक मिळाले आणि माझ्या म्हातारीच्या पदरी चारही चाकांना ड्रम.

निघण्यापूर्वी मिस्त्रीला दाखवली. "ब्रेक एक नंबर आहे जी, बिनधास्त जा," तो म्हणाला. खोटं बोलला नाही बिचारा. पण आमच्या धानाच्या मुलखात उतार म्हणजे एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरायचं, तेवढाच. त्याने गाडी सपाटीवर पळवली, सपाटीवर थांबवली. मला जायचं होतं चिखलदऱ्याला.

चढताना म्हातारी दुसऱ्या गेरात कण्हत गेली. उतरताना मला तिची दया आली, म्हणून चौथा टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवून बसलो. थोड्या वेळाने कुकरच्या तळाला डाळ लागल्यासारखा वास आला. आमची ही म्हणाली, "कुणाच्या तरी गाडीचं काही जळतंय." मीही मागच्या गाडीकडे संशयाने पाहिलं.

पुढच्या वळणावर पेडल दाबलं. पेडल घट्ट, गाडी मात्र वाहवत निघालेली. ते स्पंजासारखं खाली गेलं असतं, तर ब्रेक ऑईल उकळलं म्हणता आलं असतं. इथे लायनर इतके तापले होते की त्यांची पकडच गेली होती. शिवाय ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. ऐन संकटात नातलग जातात तसा.

भीमाने कीचकाला याच दऱ्यांमध्ये लोटलं, असं सांगतात. त्याला निदान ढकलायला भीम लागला. मी स्वखर्चाने निघालो होतो.

हँडब्रेक, तिसरा, मग किंचाळणारा दुसरा, असं करत शेवटी डोंगराच्या कडेला गाडी घासून थांबवली. बाटली घेऊन चाकावर ओतणार, तोच एक ट्रकवाला ओरडला, "पानी नोका टाकू काका, ड्रम तडकते!" मग जवळ येऊन, "चढले कोन्त्या गेरात?"

"दुसऱ्या."

"मंग उतरा बी त्याच गेरात."

अर्धा तास चाकं निवत बसली. ट्रकवाला निघून गेला, पण त्याचं वाक्य हिने पाठ केलं. खाली परतवाड्यापर्यंत एसटीने, मग ट्रॅक्टरने, मग एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. सायकलवाल्याने घंटीसुद्धा वाजवली.

परवा धरणावर पाहुण्यांना घेऊन गेलो. तेहतीस दरवाजे मोजून झाले, गाडी वळवली. समोर काठीसारखा सरळ, सपाट रस्ता.

"अहो, दुसऱ्यात टाका," ही म्हणाली.

टाकला.