अक्षता आणि मुंग्या

आमच्या लग्नाची कॅसेट तीन तासांची आहे. १९९४ साली साताऱ्यात भरलेली ही ठेव मी टोकियोला आणली. म्हटलं, व्हीएचएस ही जपानचीच लेक, जेव्हीसीनं १९७६ साली बाजारात आणलेली. माहेरी कौतुक होईल. पण लेक सासरची भाषा शिकून आली होती. आपल्याकडं पाल, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. इथं एनटीएससी, ५२५ ओळी आणि जवळजवळ ३०. निशिकासाईत जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या व्हीसीआरनं तिला ओळखच दाखवली नाही. नवा घ्यावा, तर व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनंही २०१६ साली हात टेकले. शेवटी कॅसेट परत साताऱ्याला गेली, मेहुण्याच्या माळ्यावरच्या यंत्रात फिरली आणि फाइल होऊन आली.

उघडून पाहिलं, तर लग्नाला वऱ्हाडापेक्षा मुंग्या जास्त.

पोटापाण्याला मी प्रोग्रामर. व्हेपरसिंथ हे व्हिडिओवर काम करणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि पायथनच्या चार ओळी लिहिल्या. युक्ती सोपी. मुंग्या दर फ्रेमला जागा बदलतात, नवरदेव बदलत नाही. म्हणून आजूबाजूच्या फ्रेमांची सरासरी काढायची. नऊ फ्रेमांची काढली, की मुंग्या साधारण एक तृतीयांश उरतात. सकाळच्या तोझाई लाईनच्या गर्दीत माझी आणि शेजारच्यांची अशीच सरासरी निघते, त्यामुळं तत्त्व लगेच पटलं.

पण शूटिंगवाल्याला कशाचा पाचपोच नव्हता. आत्ता बोहल्यावर नवरी लाजतेय आणि पुढच्याच फ्रेमला आचारी जिलब्या तळतोय. सरासरीला काय त्याचं! तिनं दोघांचा संसार थाटून दिला. आठ फ्रेमा नवरीच्या गालावर जिलबी, आणि ओठांवर आचाऱ्याची मिशी. बायको चहाचा कप घेऊन मागं उभीच होती.

"अहो, साफ करताय की सूड उगवताय?"

दृश्य कुठं बदललं हे फिल्टरला सांगावं लागतं. चित्राचे बारके चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन आधीच्या फ्रेमशी ताडायचा, आणि निम्म्याहून अधिक चौकोन फारच निराळे निघाले तर तिथं खूण करायची. सरासरीनं त्या उंबऱ्यापलीकडं पाय टाकायचा नाही. व्हेपरसिंथच्या एमव्हीटूल्स या प्लगइनमध्ये यासाठी दोन आकडे आधीच भरलेले असतात: एका चौकोनाच्या फरकासाठी ४००, आणि असे चौकोन किती हवेत त्यासाठी २५६ पैकी १३०.

आता फोटोग्राफर आडवा आला. फ्लॅश उडाला की सगळं चित्र पांढरं, आणि स्क्रिप्ट म्हणणार, दृश्य बदललं! तेवढ्यापुरती सरासरी थांबते आणि मुंग्या उसळून येतात. मग फ्लॅशच्या आधीची आणि नंतरची फ्रेम एकमेकींशी ताडली. दोन्ही सारख्याच निघाल्या तर खूण पुसून टाकायची. हे जमलं, तर पुढं बदाम! शूटिंगवाल्याकडं नवा मिक्सर असावा. सासरेबुवांच्या पोटातून एक बदाम हळूहळू मोठा होतो आणि त्यात आमच्या आत्याबाई प्रकटतात. इतक्या सावकाश, की स्क्रिप्टला पत्ताच लागत नाही. असे बदाम मी दोन लाख सत्तर हजार फ्रेमांतून हातानं वेचले.

कॅसेटचा लेप उडाला होता तिथं पांढरे ओरखडे होते. त्यांच्यासाठी दुसरा फिल्टर लावला: जे एकाच फ्रेमला दिसतं, मागच्या-पुढच्या फ्रेमला नाही, तो कचरा. ओरखडे छान गेले. मंगलाष्टकं आली, तर माणसं नुसतेच हात उडवताहेत, माश्या हाकलल्यासारखे. अक्षता कुठंच नाहीत!

"एवढी माणसं आशीर्वाद द्यायला आली," बायको म्हणाली, "आणि एकाचाही पोचला नाही?"

तेवढ्या भागापुरता फिल्टर बंद केला. अक्षता परत आल्या, ओरखडेही आले. आता कुठला दाणा आणि कुठला ओरखडा, ते मलाही कळत नाही.

रात्री सगळ्या खुणांची यादी तपासली. 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, तिथं खूणच नाही. बरोबरच होतं, मामा आणि गुरुजींच्या गर्दीत अंतरपाटाच्या वाट्याला चित्राचा जेमतेम तिसरा हिस्सा आला होता. बायकोला सांगितलं, स्क्रिप्टच्या हिशेबी त्या क्षणी काहीच बदललं नाही.

"आणि जिलब्यांपाशी आहे का खूण?"

"आहे की. ठळक."

"बरोबर आहे. तुमचं लक्ष तिकडंच होतं."