फियाटकर

ज्या गृहस्थांच्या घरी लग्नातली छायाचित्रे वेळेवर सापडत नाहीत, परंतु मोटारीच्या दुरुस्तीच्या पावत्या मात्र सालवार लावून तांबड्या फडक्याच्या दफ्तरात बांधलेल्या असतात, ते गृहस्थ फियाटकर समजावेत. त्यांचे मूळ आडनाव काहीही असो. ते बहुधा एखाद्या सरकारी कचेरीतून पेन्शनीत निघालेले असतात, आणि इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्यात सारी हयात घालवलेल्या त्यांच्या बुद्धीला निवृत्तीनंतर चालवण्याजोगे जे एकमेव प्रकरण उरते, ते म्हणजे अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी.

या गाडीविषयी त्यांच्यासमक्ष अनुदार उद्गार काढणे म्हणजे त्यांच्या कुलशीलावर शंका घेणे होय. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी, तिचा कुर्ल्याचा कारखाना, इटलीतले मूळ फियाट घराणे, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, ही वंशावळ ते अशा गांभीर्याने कथन करतात, की ऐकणाऱ्याचे हात नकळत जोडले जावेत. शतक पालटता पालटता या गाडीचे उत्पादन बंद झाले. परंतु त्या घटनेस फियाटकरांनी अद्याप मंजुरी दिलेली नाही.

त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचे संपूर्ण दर्शन घडते, ते गाडीचा सेल्फ पकडेनासा होतो त्या प्रातःकाळी. किल्ली फिरवताच बॉनेटखालून 'खर्रर्र' असा दात घासल्याचा कर्कश ध्वनी उमटतो, इंजिन जागचे हलत नाही, आणि सामान्य मनुष्य जिथे बॅटरीला किंवा नशिबाला दोष देऊन रिक्षा शोधू लागेल, तिथे फियाटकर डोळे मिटून कान देतात आणि निकाल जाहीर करतात : "सेल्फ निर्दोष आहे. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले." मग पुराव्यादाखल ते गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, कचेरीस निघालेल्या दोघा शेजाऱ्यांकरवी ती वीतभर पुढे ढकलवतात, चाकांबरोबर इंजिन किंचित फिरते, सेल्फच्या पिनियनसमोर रिंगचे शाबूत दात येतात, आणि पुढच्या किल्लीसरशी गाडी सुरू होते. शेजारी स्तिमित होतात आणि तिथेच फसतात, कारण यानंतर त्यांना कारणमीमांसा ऐकावी लागते : चार सिलिंडरांचे इंजिन बंद पडताना आतल्या हवेच्या दाबामुळे वाटेल तिथे न थांबता अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावरील दोन ठरावीक जागीच थांबते, जसे पेन्शनर फिरायला निघाले तरी आपल्या दोन ठरलेल्या बाकांवरच विसावतात, म्हणून सेल्फचा आघात वर्षानुवर्षे त्याच दातांवर होतो, आणि रिंग समोरासमोरच्या दोन भागांत झिजून उरलेली कोरी राहते.

मिस्त्रीचा सल्ला सरळ असतो. "साहेब, गिअरबॉक्स उतरवू आणि नवी रिंग बसवून मोकळे होऊ." परंतु मोकळे होणे हा फियाटकरांचा हेतूच नसल्यामुळे ते विचारतात, "बाकीच्या दातांनी काय अपराध केला?" त्यानुसार पहिल्या कारवाईत जुनी रिंग तापवून सैल करून पाव फेरा सरकवून पुन्हा बसवली जाते. तेही दात कामास आल्यावर ती उलटी करून, दातांच्या कडा कानशीने उतरत्या करून तिला आणखी एक मुदतवाढ देण्यात येते. आणि दोन्ही बाजूंनी तिची सेवा संपुष्टात आल्यावरच छिन्नीचा घाव घालून तिला बडतर्फ करण्याचा हुकूम निघतो.

नवी रिंग आणण्यास फियाटकर पुण्याच्या नाना पेठेत जातात, तेव्हा जुनी रिंग खांद्यावर असते. दुकानदाराने काढून दिलेल्या प्रत्येक रिंगचे दात ते खडूची खूण करून मोजतात, आतला व्यास पडताळतात, आणि फ्लायव्हीलवर ती गार असता सहज बसेल अशी शंका आली तरी माल नामंजूर करतात. कारण रिंग फ्लायव्हीलपेक्षा केसभर लहान असली पाहिजे, तापल्यावर फुगून चढली पाहिजे आणि निवताना आकसून अशी आवळली पाहिजे, की तिला बोल्टचीही गरज लागू नये. मिस्त्री गॅसच्या ज्योतीवर रिंग तापवू म्हणतो. फियाटकर त्यास सक्त मनाई करतात, कारण असमान आचेने एखादा भाग निळा पडला तर दातांचे पाणी उतरते. समान उष्णता दोनशे अंशांच्या आसपास अखंड राखणारे स्थळ त्यांच्या मते गल्लीत एकच, ते म्हणजे बेकरीची भट्टी. म्हणून फ्लायव्हीलही तिथेच नेले जाते. ताज्या पावांच्या पाठोपाठ रिंग बाहेर येते, ज्या बाजूने पिनियन शिरते ती उतरत्या कडांची बाजू तपासून पकडीने ती खाली सोडली जाते आणि क्षणार्धात बसते. बेकरीतला पोऱ्या सद्हेतूने पाण्याची बादली उचलतो, तेव्हा फियाटकर दोन्ही बाहू पसरून मध्ये उभे राहतात, कारण रिंग आपसूकच निवली पाहिजे. यानंतर काढतेवेळी पंचने ठोकलेली खूण जुळवून, तोल बिघडू न देता, फ्लायव्हील पूर्वस्थानी रुजू केले जाते.

याच वेळी मिस्त्री क्लच प्लेट पुढे करतो. अस्तर झिजून रिवेट डोकावू लागलेले असतात, आणि गिअरबॉक्स उतरलेलाच असल्यामुळे तीही आजच बदलावी, अशी त्याची काकुळतीची विनंती असते. फियाटकर चष्मा पुसतात, प्लेट उजेडात धरतात आणि शेरा देतात : "वर्षभर चालेल." मिस्त्री कपाळाला हात लावतो, वहिनी मात्र चहाचे कप ठेवता ठेवता शांतपणे म्हणतात, "तीही आज बदलली, तर पुढच्या वर्षी हे करणार काय?"

वाचकांपैकी कोणाकडे जुनी गाडी असल्यास त्यांनी रिंग बदलताना क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे ऑइल सील एकाच बैठकीत बदलून घ्यावे, कारण गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी पहिल्याइतकीच पडते. हा सल्ला खुद्द फियाटकरांचा आहे. तो ते सर्वांना विनामूल्य देतात, फक्त स्वतःच्या गाडीस लागू करत नाहीत.